चीनकडून चुंबकं अडकली तर वसईच्या छोट्या कारखान्याने काय करायचं, आणि हा खरंच देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: वसईत पंप आणि पंख्यांच्या बीएलडीसी (ब्रशलेस डीसी) मोटरी बनवता, २०२५ पासून निओडिमियम चुंबकांची खेप कधी सुटते कधी अडकते, मुंबईतला व्यापारी ‘चीनने बंदी घातली’ म्हणतो, टीव्हीवर याला ‘युद्ध’ म्हणतात. यातलं खरं काय, आणि तुम्ही काय करायचं?

बंदी नाहीये. परवाना आहे. ४ एप्रिल २०२५ रोजी चीनच्या वाणिज्य मंत्रालयाने आणि सीमाशुल्क प्रशासनाने १८ क्रमांकाची घोषणा काढली आणि सात रेअर अर्थ (दुर्मीळ मृदा) मूलद्रव्यं निर्यात परवान्याखाली आणली: सॅमॅरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम, ल्युटेशियम, स्कँडियम, इट्रियम. ती ज्यात आहेत अशी चुंबकंही त्यात आली. अर्ज निकाली काढायला नियमाप्रमाणे ४५ कामकाजाचे दिवस, म्हणजे दोन महिन्यांहून थोडे जास्त. निमित्त अमेरिकेच्या आयातशुल्काचं, पण नियम सगळ्या जगाला लागू. ऑक्टोबर २०२५मध्ये चीनने आणखी कडक नियम जाहीर केले आणि नोव्हेंबरमध्ये ते वर्षभरासाठी स्थगित केले. ती बातमी वाचून ‘सगळं मोकळं झालं’ असं अनेकांना वाटलं. एप्रिलचा नियम त्या स्थगितीत नव्हता.

बंदीपेक्षा परवाना जास्त परिणामकारक का, हे आपल्याकडे सरकारी कचेरीच्या पायऱ्या झिजवलेल्या कोणालाही समजावून सांगावं लागू नये. बंदी घातली की ती दिसते, तिच्याविरुद्ध तक्रार करता येते. ‘फाइल विचाराधीन आहे’ याविरुद्ध कुठे जाणार? सप्टेंबर २०१०मध्ये वादग्रस्त सेनकाकू बेटांजवळ चिनी मासेमारी बोटीची जपानी तटरक्षक दलाच्या जहाजांशी टक्कर झाली, जपानने कप्तानाला अटक केली आणि जपानकडे जाणारी रेअर अर्थची जहाजं अडकू लागली. आपण काही थांबवलंय हे चीनने कधीच मान्य केलं नाही. त्या काळात निर्यातीवर उघड कोटाही होता. त्यावर जागतिक व्यापार संघटनेत खटला चालला, २०१४ साली चीन हरला आणि कोटा गेला. त्याच हत्याराची नवी आवृत्ती ‘राष्ट्रीय सुरक्षेसाठी परवाना’ या नावाने आली, आणि तिला न्यायालयात धरणं फार अवघड.

रशियाने २०२२मध्ये जर्मनीशी हेच केलं, फक्त वस्तू वेगळी. नॉर्ड स्ट्रीम या रशिया-जर्मनी पाइपलाइनचा गॅस जूनमध्ये क्षमतेच्या ४० टक्क्यांवर आला, कारण दिलं टर्बाइनच्या दुरुस्तीचं. जुलैमध्ये २० टक्के. सप्टेंबरमध्ये तेलगळती सापडली आणि प्रवाह शून्य. तांत्रिक कारण प्रत्येक वेळी तयार.

मुंबईचं उदाहरण तर तुमच्या कारखान्यापासून फार लांब नाही. बुलेट ट्रेनचा बीकेसी ते शिळफाटा हा २१ किलोमीटरचा बोगदा, त्यातले सात किलोमीटर ठाणे खाडीखालून. त्यासाठी मागवलेली बोगदा खणायची अजस्र यंत्रं हेरेनक्नेख्ट या जर्मन कंपनीची, पण तयार झाली चीनमधल्या ग्वांगझौला, आणि तिथेच अडकली. केंद्रीय वाणिज्यमंत्री पीयूष गोयल यांनी ऑक्टोबर २०२४मध्ये दिल्लीत जर्मनीच्या उपचॅन्सेलरना हे तोंडावर सांगितलं. ऑगस्ट २०२५मध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी दिल्लीत आले तेव्हा खतं, रेअर अर्थ आणि ही यंत्रं, तिन्हींबद्दल आश्वासन मिळाल्याच्या बातम्या आल्या. चुंबकांसाठी निदान लेखी नियम तरी होता. बोगद्याच्या यंत्रांसाठी असा कुठलाही जाहीर नियम नव्हता.

म्हणून मी याला युद्ध म्हणणार नाही. ही वेसण आहे. बैल मरावा असा हेतू नसतो, तो हव्या त्या वेळी वळावा एवढाच असतो. खेप अडते, मग सुटते, पुन्हा अडते, आणि दरम्यान दिल्लीत सीमाप्रश्नावर किंवा गुंतवणुकीच्या नियमांवर बोलणी चाललेली असतात. तुमच्या वसईच्या गाळ्यातलं चुंबक त्या टेबलावरची एक सोंगटी आहे.

आता कामाचं. पहिला प्रश्न स्वतःला विचारा: माझ्या चुंबकात डिस्प्रोसियम किंवा टर्बियम आहे का? निओडिमियम आणि प्रॅसिओडिमियम त्या सात जणांच्या यादीत नाहीत. साध्या निओडिमियम चुंबकात वजनाने साधारण ३० टक्के रेअर अर्थ, एक टक्का बोरॉन आणि उरलेलं मुख्यतः लोखंड असतं. डिस्प्रोसियम टाकतात ते उष्णतेत चुंबकत्व टिकावं म्हणून. ग्रेडच्या आकड्यानंतर कुठलंही अक्षर नसेल तर ते चुंबक ८० अंशांपर्यंतचं, एम १००, एच १२०, एसएच १५०, यूएच १८०, ईएच २००. ढोबळमानाने एचपर्यंतचा माल चांगला कारखाना जड मूलद्रव्यांशिवाय, म्हणजे डिस्प्रोसियम-टर्बियमशिवाय, बनवू शकतो. एसएचपासून पुढे ती बहुधा लागतातच.

छोट्या कारखान्यांत नेहमी दिसणारी चूक अशी, की कधीतरी एखाद्या सल्लागाराने ‘सेफ राहा’ म्हणून एसएच लिहून दिलेलं असतं आणि तेच वर्षानुवर्षं मागवलं जातं. वाइंडिंग (मोटरमधलं तांब्याच्या तारेचं वेटोळं) १५५ अंशांच्या वर्गाचं आहे म्हणून चुंबकही १५० अंशांचं, हा हिशेब चुकीचा आहे. रोटरवरचं, म्हणजे फिरणाऱ्या भागावरचं, चुंबक वाइंडिंगइतकं तापेलच असं नाही. मोजा. रोटरवर तापमानदर्शक पट्टी चिकटवा आणि पूर्ण लोडवर दोन-तीन तास चालवा.

मग ग्रेड खाली आणून चाचणी घ्या. मोटर दुसऱ्या मोटरने १,००० आरपीएमवर फिरवा, टर्मिनल उघडे ठेवून दोन फेजमधला व्होल्टेज नोंदवा. नंतर मोटर सर्वांत वाईट परिस्थितीइतकी तापवा, ड्राइव्हमधून कमाल करंट द्या, म्हणजे रोटर अडकल्यावर जाईल तेवढा. थंड करा, पुन्हा त्याच वेगाला व्होल्टेज मोजा. दोन-तीन टक्क्यांहून जास्त घसरला तर चुंबक कायमचं कमजोर झालं, तो ग्रेड तुम्हाला चालणार नाही. दोन्ही मोजमापं एकाच तापमानाला घ्या. निओडिमियमचं चुंबकत्व अंशामागे सुमारे ०.११ टक्के उतरतं, त्यामुळे वीस-पंचवीस अंशांचा फरक राहिला तर नसलेला दोष दिसतो. दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये एक आणि सकाळी दुसरं, असं केलंत तर सगळी मेहनत वाया.

ग्रेड खाली आला तरी खेप अडू शकते, कारण कागदावर ‘डिस्प्रोसियम नाही’ लिहिलंय यावर तिकडचं सीमाशुल्क खातं सरळ विश्वास ठेवत नाही. नियम नवा असताना साधी चुंबकंही तपासणीसाठी बंदरात पडून राहिली. म्हणून पुरवठादाराकडून प्रत्येक बॅचचा त्रयस्थ प्रयोगशाळेचा अहवाल माल निघण्याआधी मागा, आणि त्यात डिस्प्रोसियम व टर्बियम यांचे आकडे वेगवेगळे असू द्या. ‘एकूण रेअर अर्थ ३१ टक्के’ अशा अहवालाचा काडीचा उपयोग नाही.

परवाना लागतच असेल तर अर्ज चिनी निर्यातदार करतो, पण त्याला तुमचं अंतिम वापरकर्ता प्रमाणपत्र लागतं. इथे मुंबईच्या नागदेवी किंवा लोहार चाळीतल्या व्यापाऱ्यामार्फत घेणारे अडकतात. व्यापारी अंतिम वापरकर्ता नाही, तुम्ही आहात. प्रमाणपत्रावर हमी द्यावी लागते की माल शस्त्रांसाठी वापरणार नाही आणि तिसऱ्या देशात पाठवणार नाही. मग भारत सरकारची मोहोर, पुढे चिनी दूतावास. २०२५च्या मध्याला भारतीय अर्ज इथून मान्य होऊन तिकडे नुसते पडून होते. ऑक्टोबरअखेर काही कंपन्यांना परवाने मिळाल्याचं परराष्ट्र मंत्रालयाने सांगितलं.

अर्जात टाळता येण्याजोग्या चुका ठरलेल्या असतात. आयात-निर्यात कोडवरचं नाव आणि लेटरहेडवरचं नाव यांत ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि ‘इंडस्ट्रीज’ इतका फरक. वापराच्या रकान्यात ‘औद्योगिक उपयोग’ असं मोघम. तिथे ‘घरगुती पंख्याची मोटर, अमुक मॉडेल’ लिहा. आणि प्रमाण: वर्षाला वीस हजार मोटरी, प्रत्येकीत आठ चुंबकं, तर १ लाख ६० हजार नग अधिक थोडी तूट. तीन लाख नग मागितलेत तर उरलेले कुठे जाणार, हा प्रश्न येणारच. तुमची एखादी मोटर ड्रोनवाल्याकडे जात असेल तर तिची चुंबकं या अर्जात मुळीच घालू नका. खोटी हमी पुढे तुमच्याच गळ्यात येईल.

सुरक्षेचा खरा मुद्दा मला इथे दिसतो, आणि त्याची चर्चा फार कमी होते. हे अर्ज एकत्र केले की कोणत्या देशातला कोणता कारखाना कोणत्या यंत्रात किती चुंबकं वापरतो, त्याचं गिऱ्हाईक कोण, याचा नकाशा तयार होतो. युरोपातल्या कंपन्यांनी २०२५मध्ये हीच तक्रार केली होती, की अर्जासोबत उत्पादनाचे फोटो आणि व्यवसायाची गोपनीय माहिती मागितली जाते. मागितलेलं द्या, पण मोटरचे पूर्ण ड्रॉइंग, कंट्रोलरचं सर्किट, ग्राहकांची यादी स्वतःहून जोडू नका. तयार वस्तूचा बाहेरून काढलेला फोटो आणि एक परिच्छेद वर्णन इतक्यावर सुरुवात करा.

दोन आडवाटा तुम्हाला कोणीतरी सुचवेलच. पहिली: पूर्ण तयार मोटर चीनमधूनच आणा, तिच्यावर हा परवाना नाही. चीनने आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हेच. एका हंगामापुरतं ठीक, पण वाइंडिंग, असेंब्ली, कारागीर सगळं तिकडे गेलं की तुम्ही कारखानदार न राहता डबे लावणारे व्यापारी व्हाल. दुसरी: थायलंड किंवा व्हिएतनामच्या नावाने चिनी माल. न्हावा शेव्याला मुक्त व्यापार कराराची सवलत मागितलीत तर मालाचा उगम तपासणाऱ्या २०२०च्या कारोटार नियमांनुसार माल तिथे कसा बनला याची माहिती आयातदाराकडे असावी लागते. नुसत्या उगमाच्या दाखल्यावर भागत नाही. नुसता डबा बदललेला माल पकडला गेला तर दंड तुम्हाला, पुरवठादाराला नाही.

सॅमॅरियम कोबाल्टचं चुंबक हा पर्याय वाटतो, पण सॅमॅरियमही यादीत आहे. फेराइट मात्र खरोखर मोकळं. त्यात लोखंडाचं ऑक्साइड आणि स्ट्रॉन्शियम, रेअर अर्थचा संबंध बेताचा. अडचण ताकदीची: ऊर्जा गुणाकार (चुंबकाच्या ताकदीचं माप) चारच्या आसपास, निओडिमियमचा ३५ ते ५० मेगागॉस-अर्स्टेड. छताच्या पंख्यात जागा असते, तिथे फेराइट बसतं. शंभर मिलिमीटरच्या बोअरवेलमधल्या पंपात व्यास वाढवता येत नाही, लांबीच वाढवावी लागते, तांबं वाढतं, किंमत वाढते. आणि एक उलटा स्वभाव ध्यानात ठेवा: निओडिमियम उष्णतेला घाबरतं, फेराइट थंडीला. वसईत फरक पडणार नाही, हिमाचलला विकणार असाल तर शून्याखाली कमाल करंटची चाचणी घ्या.

‘आपण स्वतः का बनवत नाही’ याचं उत्तर सिद्धिविनायकासमोरच्या इमारतीत आहे. आयआरईएल (पूर्वीची इंडियन रेअर अर्थ्स) या सरकारी कंपनीचं मुख्यालय प्रभादेवीला. आपल्या किनाऱ्यांवरच्या वाळूतल्या मोनाझाइट या रेअर अर्थच्या खनिजामध्ये थोरियम असतं, म्हणून ते अणुऊर्जा कायद्याखाली येतं आणि खासगी हातांना मोकळं नाही. त्यात निओडिमियम आहे, डिस्प्रोसियम जवळपास नाही. त्यापुढे चुंबक बनवायचं म्हणजे तीन ते पाच मायक्रॉनची पूड, जी हवेत पेट घेते, निष्क्रिय वायूत दाबून हजार अंशांवर भट्टीत घालायची. ते तंत्रज्ञान बाहेर द्यायला चीनने डिसेंबर २०२३मध्येच मनाई केली. केंद्राने २६ नोव्हेंबर २०२५ला ७,२८० कोटींची योजना मंजूर केली: वर्षाला ६,००० टन, जास्तीत जास्त पाच उत्पादक, कारखाना उभारायला दोन वर्षं. योजना चांगली आहे, पण जपानलाही २०१०नंतर ऑस्ट्रेलियाच्या लायनस कंपनीत पैसा घालून, साठे करून चीनवरचं अवलंबन सुमारे ९० टक्क्यांवरून ६० टक्क्यांपर्यंत आणायला दशकभर लागलं. शिवाय नव्या भारतीय कारखान्यांनाही डिस्प्रोसियम बाहेरूनच आणावं लागेल. त्यामुळे आज ग्रेड खाली आणलात तर तो फायदा देशी चुंबक बाजारात आल्यावरही टिकेल.

तोवर साठा किती? परवान्याचे दोन महिने, तपासणीचे दोन-तीन आठवडे, समुद्रप्रवास आणि कस्टम्सचे तीन, म्हणजे एसएचसाठी चार महिन्यांचा माल हवा, परवाना न लागणाऱ्या एचसाठी दोन महिन्यांचा. शक्य असेल तर चुंबकत्व न दिलेला माल घ्या आणि मॅग्नेटायझर स्वतः ठेवा, हाताळणी आणि हवाई वाहतूक दोन्ही सोपी होतात. पावसाळ्यात पाकिटं फोडून ठेवू नका. वसईच्या खाऱ्या हवेत निकेलचा थर कोपऱ्यावर टवका उडाला तरी आतलं चुंबक गंजून भुगा होतं.