प्रवास-प्रश्न : फ्लोरेन्स, आई-बाबांना घेऊन

प्रश्न : सप्टेंबरमध्ये इटलीला जातोय. फ्लोरेन्सला शनिवार, रविवार, सोमवार आहोत. सत्तरीतले बाबा गुडघ्यांनी हैराण आहेत. काय ठेवावं, काय सोडावं?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : आधी वार बघा. उफिझी आणि अकादेमिया ही दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद असतात, तर कॅथेड्रल रविवारी पर्यटकांना बंद. म्हणून शनिवारी सकाळी अकादेमियातला मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा (उंची 5.17 मीटर), मग लगेच कॅथेड्रल, तिथं खांदे-गुडघे झाकलेले हवेत. रविवारी उफिझी. तिथं लिफ्ट आहे. वेळ ठरवून तिकीट आधीच काढा. महिन्याचा पहिला रविवार फुकट असतो, पण त्या दिवशीची रांग बाबांना झेपणार नाही.

कॅथेड्रलवरच्या ब्रुनेलेस्कीच्या घुमटाला 463 पायऱ्या, लिफ्ट नाही. वाट घुमटाच्या दोन कवचांमधून जाते, अरुंद आहे. अर्ध्यातून परतणं जवळजवळ अशक्य. बाबांसाठी तो सोडाच. शहराचा देखावा पियाझाले मायकेलअँजेलो या टेकडीवरच्या चौकातून दिसतो, आणि तिथवर बस जाते.

सोमवारी पोंते वेक्यो. 1345चा हा पूल म्हणजे नदीवरचा सराफ बाजारच! पूर्वी इथं खाटीक बसत. 1593मध्ये त्यांना हटवून सोनारांना जागा दिली. 1944मध्ये माघार घेताना जर्मनांनी शहरातले बाकी सगळे पूल उडवले, हा तेवढा ठेवला.

प्रश्न : आई अंडंही खात नाही. तिनं खायचं काय?
– तेच वाचक

उत्तर : मांस दिसत नाही म्हणून पदार्थ शाकाहारी, असं धरू नका. रिबोलिता (शिळा पाव, पांढरे घेवडे, काळपट कोबीची पानं) आणि पप्पा अल पोमोदोरो (पाव-टोमॅटो) ही दोन्ही इथली खास सूप. पण काही ठिकाणी त्यात मांसाचं पाणी असतं. ताज्या पास्त्यात, म्हणजे ताल्यातेल्ले, पाप्पार्देल्ले यांत, अंडं असतं. सुक्या स्पॅगेटीत, पेन्नेत सहसा नसतं. पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटनं विरजतात, तेव्हा काटेकोर पाळणाऱ्यांनी तेही वगळावं. वेटरला सांगा : ‘सेंत्सा कार्ने, सेंत्सा ब्रोदो दी कार्ने, सेंत्सा उओवा.’ म्हणजे मांस, मांसाचं पाणी, अंडं नको.

टस्कनीचा (फ्लोरेन्स ज्या प्रांतात आहे तो) पाव अळणी असतो, बिघडलेला नसतो. सकाळी मिसळीची सवय असेल तर चिवडा सोबत ठेवा. तिथला नाश्ता गोडच. कॉफी उभ्यानं प्यायली तर स्वस्त पडते. बिलातला ‘कोपेर्तो’ म्हणजे टेबलाचा माणशी आकार, त्यावरून वाद घालू नका.

प्रश्न : पिसाला रेल्वेनं जावं का?

उत्तर : जा, तासाभराचा प्रवास. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून त्यावर तारीख-वेळेचा शिक्का उमटवून घ्या, नाहीतर दंड होतो.