पाचवीला भागाकार शिकवताना आधी रीत सांगावी की आधी गणित द्यावं? (जि. प. शाळा, यवतमाळ जिल्हा)

आधी गणित द्या, रीत मागून येऊ द्या. पण मधला वेळ मुलांना एकटं सोडू नका. मी स्वतः जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवते, आणि 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याचाही रोख मुलांनी ज्ञान स्वतः रचावं हाच आहे. फळ्यावर एवढंच लिहा: 430 किलो सोयाबीन, एका कट्ट्यात 60 किलो, तर कट्टे किती लागतील? कोणी 60 ची बेरीज करत जाईल. कोणी म्हणेल, दहा कट्टे म्हणजे 600, जास्त झाले. पाचाचे 300, उरले 130, अजून दोन. मग खरा वाद सुरू होतो: उत्तर सात की आठ? उरलेलं 10 किलो काही खळ्यात टाकून येत नाही, त्याला आठवा कट्टा लागतोच. बाकी म्हणजे काय हे इथे पोरांना जे कळतं, ते रीत पाठ करून कळत नाही. हा वाद होऊ द्याच, मध्ये उत्तर सांगू नका. त्यानंतर उभी मांडणी दाखवा आणि त्यांचे 300 आणि 120 तिच्यात कुठे बसतात ते त्यांच्याकडूनच काढून घ्या.

मात्र ज्यांची वजाबाकी आणि पाढे कच्चे आहेत, त्यांना आधी दोन-तीन गणितं पूर्ण सोडवून दाखवा. स्वेलर आणि कूपर या संशोधकांच्या 1985 च्या बीजगणितावरच्या प्रयोगांतही नवशिक्यांना सोडवलेल्या उदाहरणांचा जास्त फायदा झाला होता.