अँटिव्हायरस असताना अनधिकृत साइटवरून गेमचे मॉड घेतले तर बिघडतं कुठे?

तुम्ही विचारलंय की अँटिव्हायरस चालू आहे, फाइल स्कॅन करूनच उघडतो, मग मॉड, म्हणजे गेममध्ये बदल करणाऱ्या इतरांनी बनवलेल्या फाइली, कुठल्याही साइटवरून घ्यायला हरकत काय? हरकत आहे. स्कॅनमध्ये काही सापडलं नाही याचा अर्थ एवढाच, की तुमच्या अँटिव्हायरसला त्यात ओळखीचं काही दिसलं नाही. फाइल कुणाच्या हातून आली हे त्यावरून कळत नाही, आणि मॉडच्या बाबतीत खरी मेख तिथेच असते.

सगळ्या मॉडचा धोका सारखा नसतो. गाडीचा रंग, कपडे, टेक्स्चर, आवाज बदलणारे मॉड बहुतेक वेळा निव्वळ डेटा असतात. पण माइनक्राफ्टचा डॉट जार मॉड म्हणजे जावातला चालता प्रोग्राम. स्कायरिम या गेमच्या स्क्रिप्ट एक्स्टेंडरवर (मॉडना जास्त काही करू देणारं पूरक साधन) चालणारे प्लगइन डॉट डीएलएल असतात, जीटीए ५ मध्ये डॉट एएसआय असतात, सिम्स ४ चे स्क्रिप्ट मॉड पायथन या भाषेत लिहितात; हेही सगळे प्रोग्रामच. हे सगळं गेमच्या आतच चालतं असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात गेमला तुमच्या संगणकावर जे जे करता येतं, ते त्या मॉडलाही करता येतं: फाइली वाचणं, इंटरनेटवरून आणखी काही ओढून आणणं, इथलं तिथे पाठवणं. त्यासाठी विंडोजची परवानगी मागणारी चौकटही उघडत नाही, कारण ब्राउझरमध्ये साठवलेली माहिती तुमच्याच युजर फोल्डरात पडलेली असते.

हल्ली चोरांचा डोळा असतो तो याच माहितीवर. साठवलेले पासवर्ड जातातच, पण मला त्याहून जास्त भीती वाटते ती सेशन कुकीची. एकदा लॉगिन केल्यावर साइट दर वेळी पासवर्ड विचारत नाही, ते या कुकीमुळे. ती उचलून दुसऱ्या मशीनवर वापरली की बऱ्याच साइटवर चोर थेट तुमच्या खात्यात शिरतो. ओटीपीचा प्रश्नच येत नाही, तो टप्पा तुम्ही आधीच पार केलेला असतो. मग स्टीम या गेमच्या दुकानातल्या तुमच्या खात्यावरच्या वस्तू परस्पर विकल्या जातात आणि डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर तुमच्या नावाने मित्रांना तीच फाइल जाते. 'हा मॉड बघ, भारी आहे' असं म्हणून मित्राने फाइल पाठवली तर मी म्हणूनच आधी त्याला दुसऱ्या मार्गाने विचारतो.

हे नवीन नाही. २०१५ मध्ये जीटीए ५ साठी 'अँग्री प्लेन्स' आणि 'नोक्लिप' असे दोन मॉड फिरत होते. त्यांच्यासोबत एक छुपा प्रोग्राम यायचा आणि तो तुम्ही दाबलेली प्रत्येक की टिपून घ्यायचा. विमानं अंगावर धावून येत होती, म्हणजे मॉड नीट चालत होता. मॉड नीट चालतो म्हणून तो स्वच्छ आहे असं मानणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

आता तुम्ही म्हणाल, अधिकृत जागी तरी कुठे हमी आहे? बरोबर आहे, नाहीच. जून २०२३ मध्ये माइनक्राफ्टच्या मॉडसाठी कर्सफोर्ज आणि बुक्किट या नेहमीच्या जागांवरच काही जणांची खाती ताब्यात घेऊन 'फ्रॅक्चरायझर' नावाचं मालवेअर (घातक प्रोग्राम) चढवलं गेलं. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी स्टीमवर 'स्ले द स्पायर' या गेमच्या 'डाउनफॉल' या मॉडमधून माहिती चोरणारा प्रोग्राम गेला. पण पुढे काय झालं तेही बघा. डाउनफॉलचा तो धोकादायक अपडेट साधारण तासाभरातच बंद झाला आणि मॉड बनवणाऱ्यांनी लोकांना सावध केलं. फ्रॅक्चरायझरच्या वेळी मॉड बनवणारेच एकत्र आले, मालवेअर उलगडून बघितलं आणि ते तपासायचे मार्ग सगळ्यांसमोर ठेवले.

अनधिकृत साइटवर हे घडत नाही. तिथला मॉड सहसा लेखकाला न विचारता उचललेला असतो. लेखकाने चूक सुधारली, फाइल मागे घेतली, तरी तिथली प्रत तशीच पडून राहते, वर तारीख मात्र कालची दिसते. मधल्या माणसाने त्यात काही घातलं की नाही हे सांगायला कुणीच नसतं. माइनक्राफ्टच्या मंडळींना याचा इतका वैताग आला की त्यांनी 'स्टॉप मॉड रीपोस्ट्स' या नावाने अशा साइटची यादीच करून ठेवली आहे. शोधताना ती हाताशी असू द्या.

काही खुणा दिसल्या की मी पुढे जातच नाही. झिपला पासवर्ड आणि तो पासवर्ड पानावरच लिहिलेला असेल, तर स्कॅनरला आत बघता येऊ नये हाच बहुधा त्यामागचा हेतू. डॉट जार हवा असताना हातात डॉट ईएक्सई येत असेल तर तिथेच थांबा. विंडोज फाइलीच्या नावाचं शेपूट (डॉट जार, डॉट ईएक्सई) लपवतं, ती सेटिंग आधी बदला. आणि 'अँटिव्हायरस बंद करा' ही सूचना. यात गोम अशी की मॉड गेममध्ये चढवणाऱ्या काही प्रामाणिक प्रोग्रामवरही (मॉड लोडर) अँटिव्हायरस उगाच ओरडतो, त्यामुळे ही सूचना लोकांना खरी वाटते. तसं झालं तर लेखकाच्या मूळ पानावर त्याचा उल्लेख आहे का बघावं, अँटिव्हायरस बंद करू नये.

फोनवरच्या 'मॉड एपीके'चं (एपीके म्हणजे अँड्रॉइड ॲपची फाइल) थोडक्यात: तिथे अख्खं ॲपच कुणीतरी उघडून, बदलून, स्वतःच्या सहीने पुन्हा बांधलेलं असतं. गेमने ॲक्सेसिबिलिटी (स्क्रीन वाचण्याची आणि दाबण्याची मुभा) किंवा एसएमएसची परवानगी मागितली तर ते काढून टाका.

आणि असा एखादा मॉड तुम्ही आधीच चालवला असेल तर? फाइल डिलीट करून भागत नाही. फ्रॅक्चरायझर तर संगणकावरच्या बाकीच्या डॉट जार फाइलींतही शिरत होतं. आधी इंटरनेट तोडा. मग दुसऱ्या, स्वच्छ उपकरणावरून ईमेलचा पासवर्ड बदला, कारण बाकीची खाती त्याच्याच जोरावर परत मिळतात. प्रत्येक ठिकाणी 'सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट' करा, कारण नुसता पासवर्ड बदलला तर चोरीला गेलेली कुकी काही ठिकाणी चालूच राहते. त्यानंतर विंडोज नव्याने टाका. सेव्ह फाइली घेतल्या तर घ्या, पण जुनं मॉडचं फोल्डर परत आणू नका.