हिरोला एका किसमध्ये कळतं, मला का नाही?

पत्र: मावशी, मी २७ वर्षांचा. दोन वर्षांपासून फोनवर चोरून गे रोमान्स वाचतोय. प्रत्येक हिरोला एका नजरेत नाहीतर एका किसमध्ये कळतं की आपण गे आहोत. मला तसं कधी झालंच नाही. पाच वर्षांपूर्वी एक मित्र नोकरीसाठी लांब गेला तेव्हा तीन दिवस जेवण गेलं नाही, घरी ॲसिडिटी सांगितली, बस. मी खरंच गे आहे की हे पुस्तकांनी डोक्यात भरवलंय? – गोंधळलेला

अरे बाळा, "बस" काय! एखाद्या चांगल्या लेखकाने त्या तीन दिवसांवर अख्खं प्रकरण लिहिलं असतं, आणि तू एका ओळीत उरकलंस.

ही पुस्तकं मीही ढिगाने वाचते, म्हणून सांगते, ती वीज कोसळणं लेखकाची सोय असते रे. तीनशे पानांत दोघांना भेटवायचं, भांडवायचं आणि शेवटी एकत्र आणायचंच, मग स्वतःला ओळखायला वेळ कुठून आणणार, म्हणून तिशीपर्यंत एकाही पुरुषाकडे न बघितलेला हिरो शेजारी नवा माणूस राहायला आला की आठवड्यात विरघळतो. याला 'गे फॉर यू' म्हणतात आणि वाचकच त्यावरून कचाकचा भांडतात. मला तर त्या किसपेक्षा दुसऱ्या दिवसाची सकाळ जास्त खोटी वाटते, हिरो मस्त झोप काढून उठतो, डोक्यात शून्य गोंधळ!

खरा वाटतो तो हिरो जो स्वतःशी घासाघीस करतो. "सगळ्याच पोरांना असं वाटत असेल", "आमची मैत्रीच जरा घट्ट आहे". रात्री दोनला 'मी गे आहे का' क्विझ भरतो, उत्तर आवडलं नाही म्हणून दोन प्रश्न बदलून परत भरतो, मग हिस्ट्री डिलीट. ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज लेखकाची 'मॉरिस' ही कादंबरी बघ, लिहिली १९१३-१४ मध्ये, छापली १९७१ मध्ये, फॉर्स्टर गेल्यावर. त्यातला मित्र प्रेम कबूल करतो तेव्हा मॉरिस चक्क झिडकारतो त्याला, आणि स्वतःचं मन कळतं नंतर, तळमळून तळमळून. व्हिव्हियन कॅस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९७९ मध्ये या प्रवासाच्या सहा पायऱ्या मांडल्या, त्यातली पहिलीच गोंधळाची. सगळे त्याच क्रमाने जातात असं नाही हं, पण तुझा गोंधळ म्हणजे तू खोटा, असं तर मुळीच नाही.

आता पुस्तकांनी भरवलं का. नुसत्या वाचनावरून काहीच ठरत नाही, ही पुस्तकं बायकाही भरपूर वाचतात, मी त्यातलीच. पण मित्र गेला पाच वर्षांपूर्वी आणि वाचायला लागलास दोन वर्षांपूर्वी, हिशोब तूच कर. गे, बाय की आणखी काही, ते मी इथे बसून ठरवणार नाही आणि तूही या महिन्यातच ठरवायला हवं असं कुठे आहे? घरी सांगायचीही घाई नको, आधी निदान एक तरी माणूस असा शोध ज्याच्यासमोर थाप मारावी लागणार नाही.

तोवर मला परत लिही. मित्राचं नाव बदल हवं तर, पण ते तीन दिवस नीट सांग, ॲसिडिटीसकट.

– मावशी