गोळ्या-चॉकलेटांची वेष्टने जमवताना प्रथम एवढे सांभाळा

एकसारखी दोन-दोन आलेली वेष्टने टाकू नका, कारण अदलाबदलीचे भांडवल तेच असते. यवतमाळकडच्या आमच्या खेड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी 'बिग फन' बबलगमच्या एका हव्या त्या क्रिकेटपटूच्या चित्रासाठी आम्ही चार साधी चित्रे, आणि वर मूठभर बोरेही, मोजत असू. तेव्हा मी सारा संग्रह कणकेच्या खळीने वहीत चिकटवला आणि पावसाळ्यात त्याला कसर लागली.

म्हणून सुरुवातीला एवढेच करा:
- खळ, डिंक, सेलोटेप टाळा. वेष्टने सुटी पाकिटात ठेवा.
- सुरकुत्यांवर इस्त्री फिरवू नका, कागदावरचे मेण वितळते. जाड पुस्तकाखाली आठवडाभर दाबून ठेवा.
- मे महिन्यात टिनाच्या छपराखालची खोली टाळा.

वर्गवारीचे नंतर पाहू.