बोटीवरून हर्णैला आलास की पहिले चार दिवस

जूनमध्ये रॉटरडॅमला साइन ऑफ होतोयस ना, म्हणजे बोटीवरची नोकरीची फेरी संपवून उतरतोयस, मग ऐक. आपलं घड्याळ तिथल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. बोट पूर्वेला जाताना रात्री तासाभराने घड्याळ पुढे करायचे, तेव्हा शरीराला सवड मिळायची. विमान ती देत नाही. शरीराचं झोप-जागेचं आतलं घड्याळ दिवसाला साधारण तासभरच सरकतं, तेही पूर्वेकडे जरा कुरकुरत, कारण बहुतेकांचा मूळ फेरा 24 तासांहून किंचित मोठा असतो.

मी पहिल्या खेपेला घोळ घातला. रात्रभर पडवीत टक्क जागा, मग पहाटे सहाला किनाऱ्यावर, म्हटलं उजेडाने ताळ्यावर येईन. उलटंच झालं! शरीराचं तापमान नेहमीच्या उठण्याच्या दोनेक तास आधी सगळ्यात खाली जातं. त्याआधी डोळ्यांवर उजेड पडला तर घड्याळ मागे सरकतं, नंतर पडला तर पुढे. तिथे सहाला उठत असशील तर हा क्षण तिथल्या चारचा, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेसातचा.

म्हणून पहिल्या दिवशी आठनंतरच बाहेर पड, मग रोज तासभर अलीकडे ये. आभाळ भरलेलं असलं तरी चालेल; पावसाळी उजेडही घरातल्या ट्यूबलाइटपेक्षा कितीतरी जास्त असतो.

दुपारी माशाची कढी-भात ओरपून तीन तास ताणून देऊ नकोस, अर्धा तास पुरे. संध्याकाळचा चहाही टाळ, काकी कितीही आग्रह करू दे.