गेमिंगसाठी सेकंड हँड लॅपटॉप घेताना काय तपासायचं, आणि माझा जुना लॅपटॉप कसा विकू?

तुम्ही लिहिलंय की सांगलीला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहात, हातात ४५ हजार आहेत, पुण्यात एक जण तीन वर्षं वापरलेला, आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्डाचा लॅपटॉप ४२ हजारांना देतोय, आणि तुमचा २०२० चा जीटीएक्स १६५० वाला विकून थोडी भर घालायचा विचार आहे. थेट सांगतो: ४२ ला नको. आणि कितीलाही मिळाला तरी चार्जर लावून सलग अर्धा तास गेम चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

या अर्ध्या तासाचा आग्रह का, ते ऐका. २०२१ मध्ये मी पहिला जुना गेमिंग लॅपटॉप घेतला तो एका कॅफेत बसून. विकणारा मुलगा बोलायला चांगला, बिल, खोका, सगळं सोबत. त्याने गेम लावून दाखवला, पाच मिनिटं सेकंदाला ८०-८५ फ्रेम, म्हणजे चित्रं, मिळत होत्या, मी खूश. घरी आणला, रात्री खेळायला बसलो आणि बाराव्या-तेराव्या मिनिटाला फ्रेम तिशीत आल्या. गेम बंद करून थोडं थांबलं की पुन्हा ठीक, दहा मिनिटांनी पुन्हा तेच. सीपीयूचं, म्हणजे प्रोसेसरचं, तापमान ९८ अंश. आठवड्याभराने मागचं झाकण उघडलं तेव्हा कळलं. पंख्याची गरम हवा ज्या पातळ पत्र्यांमधून बाहेर पडते, तिथे आतल्या बाजूने धुळीचा अक्षरशः नमदा बसला होता. चिमट्याने एक टोक धरून ओढलं तर बोटभर लांबीचा पट्टा अख्खा बाहेर आला. प्रोसेसरची उष्णता बाहेर न्यायला लावलेली थर्मल पेस्ट वाळून खडूच्या भुकटीसारखी झाली होती. ती साफसफाई स्वस्तात झाली, पण एका पंख्याचं बेअरिंगही गेलं होतं आणि तो पंखा शोधण्यात तीन आठवडे गेले. त्या मुलाने मला मुद्दाम फसवलं असं मला आजही वाटत नाही. त्याला सवय झाली होती, एवढंच.

तेव्हापासून स्वतःसाठी, मित्रांसाठी, मित्रांच्या भावांसाठी असे बरेच लॅपटॉप घेतले आणि विकले. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. लोक कार्डाचं नाव विकत घेतात, पण फ्रेम देतात ते वॉट आणि थंडावा.

एकाच नावाचं कार्ड वेगवेगळ्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या ताकदीने बसवलेलं असतं. आरटीएक्स ३०५० लॅपटॉपमध्ये ३५ वॉटपासून ८० वॉटपर्यंत येतं, ३०६० हे ६० पासून ११५ पर्यंत. पातळ, दिसायला देखण्या लॅपटॉपमधलं कमी वॉटचं ३०५० आणि जाडजूड लॅपटॉपमधलं पूर्ण वॉटचं ३०५० यांच्यात एवढा फरक पडतो की त्यांना एकच नाव का दिलं असा प्रश्न पडावा. हा आकडा विकणाऱ्याला बहुतेक वेळा माहीत नसतो. एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये सिस्टम इन्फर्मेशन उघडलं की 'मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर' या ओळीत तो दिसतो. फोनवरच त्याला फोटो पाठवायला सांगा, म्हणजे सांगली-पुणे फेरी वाचेल.

आता चाचणी. पेन ड्राइव्हवर वॉट आणि तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर घेऊन जा. आधी लॅपटॉप पूर्ण थंड असताना हात लावा. तुम्ही पोचायच्या आधीच तो तापलेला असेल तर कुणीतरी त्यावर काहीतरी करत होतं, ते विचारा. चार्जर लावा, परफॉर्मन्स मोड निवडा, त्याच्याकडे असलेला एखादा जड गेम सुरू करा आणि गप्पा मारत बसा. घाई करू नका. दहाव्या आणि तिसाव्या मिनिटाला तीनच आकडे बघायचे: फ्रेम, जीपीयूचे (ग्राफिक्स कार्डाचे) वॉट, सीपीयू-जीपीयू दोन्हीचं तापमान. गेमिंग लॅपटॉपचा जीपीयू ८० ते ८५ अंशांपर्यंत जाणं नेहमीचंच आहे, त्याला घाबरू नका. पण दहाव्या मिनिटाला ७५ वॉट खाणारं कार्ड तिसाव्या मिनिटाला ४५ वर आलं, फ्रेम त्यासोबत पडल्या, तर आत धूळ, पेस्ट किंवा पंखा यांपैकी काहीतरी आहे. कान पंख्याकडे द्या. सुसाट आवाज चालेल, खरखर चालणार नाही.

चार्जर नीट उलटून बघा. ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की वेगळी सांगतो. मूळ २३० वॉटचा चार्जर हरवलेला असतो आणि मालकाने त्याच पिनचा १३५ वॉटचा स्वस्तातला घेतलेला असतो. लॅपटॉप चालतो, चार्जही होतो, पण जड गेममध्ये वीज पुरत नाही, मग कार्ड आपोआप हात आखडतं आणि कधी कधी खेळता खेळता बॅटरीही उतरते. मूळ चार्जर नवा घ्यायला गेलात की तीन-चार हजार सहज जातात. ते किमतीतून वजा करून घ्या. आणि 'बॅटरीवरच दाखवतो, चार्जर घरी राहिला' असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून परत या, कारण बॅटरीवर कुठलाही गेमिंग लॅपटॉप पूर्ण ताकदीने चालत नाही, त्यामुळे तिथे काहीच कळणार नाही.

बॅटरीसाठी कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून स्लॅश आणि सलग बॅटरीरिपोर्ट असं इंग्रजीत टाका. एक फाइल तयार होते, तिच्यात 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' असे दोन आकडे असतात. ५७,००० पैकी ३८,००० उरले असतील तर दोन तृतीयांश बॅटरी शिल्लक आहे. गेम चार्जरवरच खेळायचे असल्याने मी यावर फार अडून बसत नाही, पण बॅटरी फुगलेली नाही ना, हे मात्र बघतोच: लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून कोपरे दाबा, डुगडुगला किंवा टचपॅड वर आलेलं दिसलं तर सोडून द्या. हिंज, म्हणजे स्क्रीनची बिजागरी, पाच-सहा वेळा हळू उघडून मिटा. आणि डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन १४४ हर्ट्झ (स्क्रीन सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा) खरोखर दिसतंय का पाहा, कारण फुटलेला स्क्रीन बदलताना ६० हर्ट्झचा स्वस्त पॅनेल टाकलेले लॅपटॉप माझ्या हातात आलेत.

तुमच्या ३०५० बद्दल. त्यात ४ जीबी आणि ६ जीबी ग्राफिक्स मेमरी असे दोन प्रकार आहेत. ४ जीबीचा असेल तर व्हॅलोरंट, जीटीए ५ सारखे गेम मजेत खेळाल, पण नवे मोठे गेम घेतले की मेमरी आधी संपते, ताकद नंतर. मी ४ जीबीवाला आज ३३-३४ हजारांच्या पुढे घेणार नाही. ४५ पर्यंत जायची तयारी असेल तर थोडं थांबून पूर्ण वॉटचा ३०६० शोधा. २०२१-२२ मध्ये ते भरपूर विकले गेले, कॉलेज संपवून नोकरीला लागलेली मुलं आता ते काढताहेत. १६ जीबी रॅम आधीच असलेला बघा, आणि ती दोन पट्ट्यांत असू दे. एकाच पट्टीवर फ्रेम मधेच अडखळतात, आणि २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव असे चढलेत की 'नंतर टाकू' हा हिशेब आता परवडत नाही.

जीटीएक्स १०५० टीआय किंवा १०६० कार्डवाले कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नका. त्या पिढीला एनव्हिडियाचा नव्या गेमसाठीचा शेवटचा 'गेम रेडी' ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) ऑक्टोबर २०२५ मध्ये आला, आता फक्त सुरक्षेचे अपडेट मिळतील. बुधवार पेठेत तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला फिरलात तर कंपन्यांतून परत आलेले इंटेलच्या सहाव्या-सातव्या पिढीच्या प्रोसेसरचे ऑफिस लॅपटॉप '२ जीबी ग्राफिक्स, गेमिंग' म्हणून दाखवतील. टायपिंगला, अभ्यासाला ते दणकट आहेत, घरच्या कुणासाठी हवा असेल तर जरूर घ्या. गेमिंगला नाही. त्यांना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

(होस्टेलला न्यायचं नसेल, घरीच खेळणार असाल, तर याच पैशांत जुना डेस्कटॉप कितीतरी जास्त देतो. एकदा विचार करून बघा.)

लॅपटॉप त्याचाच आहे ना, हे बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन तपासा. तिथला सिरियल नंबर, तळाच्या स्टिकरवरचा आणि बिलावरचा, तिन्ही जुळले पाहिजेत. बायोसला पासवर्ड असेल, किंवा खालचं स्टिकर खरवडून काढलेलं दिसलं, तर तो कुठल्यातरी कंपनीचा असू शकतो. विंडोज नव्याने टाकली की इंटरनेट जोडताक्षणी कंपनीचं लॉगिन मागणारे लॅपटॉप असतात, आणि मग तुमच्या हातात काहीच उरत नाही.

आता तुमचा १६५०. त्याची किंमत २०२० च्या बिलावरून काढू नका, तिथेच बहुतेकांचं विकणं अडतं. 'मी ६२ हजारांना घेतला होता' हे घेणाऱ्याच्या कामाचं नाही, त्या पैशांत आज नवीन काय मिळतं हे तो बघतो. शिवाय १६५० ला रे ट्रेसिंगचं (गेममध्ये प्रकाश-सावली खऱ्यासारखी दाखवायचं) हार्डवेअरच नाही, आणि इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल किंवा डूम: द डार्क एजेस यांसारखे गेम त्याशिवाय सुरूच होत नाहीत. घेणारा जाणकार असेल तर तो हे बोलणारच, तुम्हीच आधी सांगा. मी अशा लॅपटॉपला २० ते २४ हजारांच्या दरम्यान गिऱ्हाईक मिळालेलं पाहिलंय.

विकण्याआधी हजार रुपये साफसफाई आणि पेस्टवर घाला, बाकी कशावरही नाही. मग वर सांगितलेली अर्ध्या तासाची चाचणी तुम्हीच करा, आकडे स्क्रीनवर दिसतील असा व्हिडिओ काढा आणि जाहिरातीसोबत तो पाठवा. एक बटण घट्ट चालत असेल, कोपऱ्याला पोचा असेल, तर त्याचाही फोटो जवळून काढा. अशा जाहिरातीला फोन कमी येतात, पण जे येतात ते घ्यायलाच येतात, आणि घासाघीस दारात होत नाही. गेल्या वर्षी एका मित्राचा लॅपटॉप मी असाच विकला. घेणारा मुलगा वडिलांना घेऊन साताऱ्याहून आला होता. वडिलांनी एकच विचारलं, 'यात काय खराब आहे?' मी डाव्या स्पीकरचा आवाज लावून दाखवला, तो फाटत होता. त्यांनी मान डोलावली आणि ठरलेले पैसे मोजले.

डेटा पुसताना नुसता फोल्डर डिलीट करू नका. विंडोजच्या रिसेटमध्ये 'रिमूव्ह एव्हरीथिंग' घ्या, तिथल्या सेटिंगमध्ये 'क्लीन डेटा' चालू करा, सगळे ड्राइव्ह निवडा. त्याआधी स्टीममधून आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून बाहेर पडा, अकाउंटच्या यादीतून तो लॅपटॉपही काढा.

पैशांचं एक लक्षात ठेवा. 'मी लष्करात आहे, बदली झालीय, माझा माणूस घेऊन जाईल, हा क्यूआर स्कॅन करा म्हणजे पैसे येतील' असा फोन तुम्हाला नक्की येईल. यूपीआयचा पिन फक्त पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. चुकून गेलेच पैसे तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. विकत घेतानाही न बघितलेल्या लॅपटॉपसाठी पाचशेचंही टोकन पाठवू नका.

व्यवहार ठरला की साध्या कागदावर दोघांची नावं, तारीख, मॉडेल, सिरियल नंबर, रक्कम आणि काय काय खराब आहे ते लिहा, दोघांनी सही करा. मूळ बिल लॅपटॉपसोबत जाऊ द्या आणि त्याचा फोटो विकणाऱ्याकडे राहू द्या. पुण्याच्या त्या माणसाला आज रात्रीच ग्राफिक्स पॉवरचा फोटो मागा, कार्ड ४ जीबीचं की ६ जीबीचं ते विचारा. आकडा आला की इथेच खाली लिहा, मी बघून सांगतो.